बीन बॅगचा इतिहास १९६८ पासून सुरू होतो का? साध्या वस्तूवरून संशोधनप्रश्न कसा घडवायचा



पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू झाली की पहिला प्रश्न पडतो तो विषयाचा. विषय आणायचा कुठून? नंदुरबार, शहादा, तळोदा, धडगावकडच्या विद्यार्थ्यांच्या मनात याच्या जोडीला आणखी एक शंका असते : आमच्याकडे संशोधन करण्यासारखं वेगळं काय आहे? म्हणून आज एक मुद्दाम साधी वस्तू घेऊ. जिच्यावर कुणी प्रबंध लिहील असं वाटतही नाही, अशी. ती म्हणजे बीन बॅग. पुण्यामुंबईच्या ऑफिसांत, हॉस्टेलच्या खोल्यांत आणि आता आपल्याकडच्या फर्निचरच्या दुकानांतही दिसणारी ती ढोबळी, मऊ, आकार नसलेली खुर्ची.

या लेखातून बीन बॅगचा इतिहास तर कळेलच, पण खरा मुद्दा दुसरा आहे. एखाद्या वस्तूचा इतिहास 'अमुक साली सुरू झाला' असं आपण लिहितो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? आणि दोन ठिकाणी सारखी वस्तू दिसली, तर त्यांचं नातं आहे असं म्हणता येतं का? प्रबंध कोणत्याही विषयाचा असो, हे दोन प्रश्न तोंडी परीक्षेत कुठे ना कुठे समोर येतातच.

आधी छापील इतिहास

कुठल्याही डिझाइनच्या पुस्तकात बीन बॅगची सुरुवात इटलीत होते. पिएरो गात्ती, चेझारे पाओलिनी आणि फ्रांको तेओदोरो हे ट्यूरिन शहरात काम करणारे तीन डिझाइनर. १९६८ मध्ये त्यांनी एक नवी खुर्ची तयार केली आणि झानोत्ता या फर्निचर कंपनीने ती बाजारात आणली. नाव ठेवलं 'साक्को'. इटालियनमध्ये साक्को म्हणजे सरळ सरळ पोतं.

तिला पाय नव्हते, हात नव्हते, पाठ नव्हती. वर थोडी निमुळती अशी एक पिशवी आणि आत पॉलिस्टायरीनचे बारीक मणी, म्हणजे आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्याचे दाणे. वजन जेमतेम साडेतीन किलो. एका हाताने उचलून कुठेही न्यावी, टाकावी आणि बसावं. माणूस जसा बसेल तसा तिचा आकार.

काळही लक्षात घ्या. १९६७-६८ मध्ये युरोपभर विद्यार्थ्यांची आंदोलनं पेटली होती आणि ट्यूरिनच्या विद्यापीठातही विद्यार्थ्यांनी इमारत ताब्यात घेतली होती. घरात मोठ्यांनी ताठ बसायचं, लहानांनी त्यांच्यासमोर त्याहून ताठ बसायचं, ही रीत तरुणांना नकोशी झाली होती. साक्कोवर ताठ बसताच येत नाही. त्यामुळे ती त्या पिढीची खुर्ची झाली यात नवल नाही. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने इटालियन डिझाइनचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यातही ती होती, आणि त्या संग्रहालयाच्या कायम संग्रहातही तिला जागा मिळाली. २०२० मध्ये इटलीतला 'कोंपासो दोरो' हा डिझाइनचा मोठा पुरस्कार तिला दीर्घ कारकिर्दीसाठी मिळाला. खुर्चीला कारकिर्दीचा पुरस्कार, गंमतच आहे!

नकला मात्र लगेच सुरू झाल्या. पोतं शिवायचं आणि दाणे भरायचे, हे कुणालाही जमण्यासारखं काम. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्वस्त रेक्झिनच्या बीन बॅगा घरोघरी पोचल्या. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात संगणकशास्त्रज्ञ बीन बॅगांवर बसून बैठका घेत. पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांनी 'आमच्याकडे वातावरण मोकळं आहे' हे दाखवण्यासाठी हीच वस्तू उचलली आणि ती आयटीच्या वाटेने आपल्याकडच्या ऑफिसांत रुजली.

झाला इतिहास. परीक्षेत टीप लिहायची असेल तर एवढं पुरे. संशोधन करायचं असेल तर काम इथून सुरू होतं.

१९६८ च्या आधी काय होतं?

साक्कोच्या डिझाइनरांनीच नंतर सांगितलं आहे की, इटलीतले शेतकरी वापरत ती जुनी गादी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. एक पोतं घ्यायचं, त्यात चेस्टनटच्या झाडाची वाळलेली पानं भरायची आणि त्यावर झोपायचं. अंगाच्या आकाराप्रमाणे ती गादी दबते. झालं, कल्पना तिथेच होती.

आता बघा. त्या शेतकऱ्याचं नाव कुठल्याही संग्रहालयात नाही. त्याच्या गादीला पुरस्कार नाही आणि तिचं सालही कुणाला ठाऊक नाही. इतिहास सुरू होतो तो डिझाइनरची सही झाली तिथून. म्हणजे '१९६८ साली बीन बॅगचा शोध लागला' हे वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. पूर्ण वाक्य असं होईल : '१९६८ साली, पोत्यात भराव घालून अंगाच्या आकाराचं आसन करण्याच्या जुन्या पद्धतीला नवा भराव, निर्मात्यांची नावं आणि बाजार मिळाला.'

हा फरक किरकोळ वाटेल, पण नाही. पहिलं वाक्य मान्य केलं की अभ्यासायला उरतात फक्त कंपन्या आणि डिझाइनर. दुसरं मान्य केलं की गोणपाट, गादी, उशी, खोगीर, बाज हे सगळं अभ्यासाच्या कक्षेत येतं. आणि मग सातपुड्याच्या पायथ्याशी बसूनही काम करता येतं.

खरी गोष्ट भरावाची आहे

मग नवीन काय झालं? पोतं नवीन नव्हतं, बसणं नवीन नव्हतं. नवीन होता तो भराव. याचा हिशेब तुम्ही स्वतः मांडून बघा.

समजा, बसता येईल अशी पिशवी साधारण २०० लिटरची आहे. तिच्यात पाणी भरलं तर वजन २०० किलो. डिझाइनरांनी सुरुवातीला द्रव भरण्याचा विचार केलाही होता, पण वजन फार आणि भरणं अवघड म्हणून तो सोडला. ज्वारी भरली तर? एक घनमीटर ज्वारी साधारण ७०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे २०० लिटरला १४० किलो. पोत्यावर बसता येईल, पण ते एकट्याने हलवता येणार नाही. आता थर्माकोलचे दाणे घ्या. एका घनमीटरला अंदाजे १५ किलो धरा. २०० लिटरला फक्त ३ किलो!

एवढं हलकं कसं? कारण त्या दाण्यात बहुतेक हवाच असते. पॉलिस्टायरीनच्या बारीक खड्यांत पेंटेन नावाचा वायू मुरवलेला असतो. वाफ दिली की खडा मऊ होतो, आतला वायू फुगतो आणि मूळ आकारमानाच्या चाळीस-पन्नास पट मोठा दाणा तयार होतो. लाहीच म्हणा ना! जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने हा पदार्थ १९५० च्या सुमारास तयार केला. त्यामुळे १९६८ च्या खुर्चीमागे विद्यार्थी आंदोलन जेवढं आहे तेवढाच पेट्रोलियमपासून स्वस्त प्लास्टिक करणारा कारखानाही आहे. साक्को बाजारात आणणाऱ्या झानोत्ता कंपनीने १९६७ मध्ये हवेने फुगवायची प्लास्टिकची खुर्ची काढली होती, हेही त्याच काळाचं लक्षण.

दुसरा फरक वजनाहून महत्त्वाचा आहे. भराव दोन जातींचा असतो : गुंतणारा आणि सरकणारा. कापूस गुंततो. काटेसावरीच्या बोंडातला मऊ कापूस उशांत भरतात, तोही तंतूच. तंतू एकमेकांत अडकतात, दाबले की बसून जातात, गुठळ्या होतात. म्हणून तर गादी काही वर्षांनी उसवून पिंजाऱ्याकडे कापूस पुन्हा पिंजून घ्यावा लागतो. दाणा मात्र सरकतो. पोत्यातली ज्वारी आपण ढकलली की बाजूला जाते, परत ढकलली की परत येते.

या कसोटीवर आपल्या घरातली बीन बॅगची सगळ्यात जवळची वस्तू कोणती? बाळाच्या डोक्याखाली ठेवतात ती मोहरीची उशी! मोहरी गोल, गुळगुळीत आणि सरकणारी. डोकं वळलं की खालची मोहरी वाट देते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने इटलीतल्या पानांच्या गादीपेक्षा ही उशी बीन बॅगच्या जास्त जवळ आहे. हा मुद्दा ध्यानात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

जाता जाता एक शब्द. घोड्याच्या खोगिरात चिंध्या कोंबून भरायचे, त्यावरून मराठीत 'खोगीरभरती' हा शब्द आला आणि निरुपयोगी भरणा असा त्याचा अर्थ झाला. प्रबंधातल्या नको त्या पानांनाही आपण हेच म्हणतो. पण शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन खोगिराचं काम करणाऱ्याला विचारा : आतला भराव चुकला की घोड्याची पाठ सोलते आणि स्वाराचीही बैठक जाते. आत काय भरलंय आणि ते कसं वागतं, यावर सगळं अवलंबून. बीन बॅगचंही तेच.

बसल्यावर आत नेमकं काय होतं?

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनो, हा भाग तुमच्यासाठी. इतरांनीही सोडू नका, सोपा आहे.

दाण्यांचा ढीग कधी द्रवासारखा वागतो, कधी घनासारखा. धान्य ओतताना ते वाहतं. ओतून झालं की रास उभी राहते आणि तिच्यावर पाय दिला तर थोडं सरकून पाय टेकतो. या पदार्थांना कणमय पदार्थ म्हणतात. वाळू, धान्य, खत, गोळ्या-औषधं, सगळे यातच आले.

बीन बॅगवर बसताना पहिल्या क्षणी दाणे सरकतात, अंगाला जागा करून देतात. सरकलेले दाणे पिशवीच्या कडांना जाऊन भिडतात, कापड ताणलं जातं आणि आता दाण्यांना जायला जागा उरत नाही. ते एकमेकांत अडकतात. ढीग घट्ट होतो. म्हणूनच बसताना मऊ वाटलेली बीन बॅग बसल्यावर आधार देते. दाणे कमी असतील तर ते अडकतच नाहीत आणि आपण थेट फरशीवर टेकतो. जास्त असतील तर ते सरकतच नाहीत आणि नुसता चेंडू होतो. म्हणजे भराव किती, हा अंदाजाचा नाही, भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे.

याच गुणावर २०१० मध्ये शिकागो आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी, एका रोबोट कंपनीतल्या सहकाऱ्यांसोबत, रोबोटचा हात बनवला. रबरी फुग्यात दळलेली कॉफी भरली, फुगा वस्तूवर दाबला आणि आतली हवा ओढून घेतली. कॉफीचे कण अडकले, फुगा कडक झाला आणि वस्तू पकडीत आली. बोटं नाहीत, तरी पकड! अपघातग्रस्त रुग्णाला हलवताना वापरतात ती निर्वात गादीही याच तत्त्वावर चालते. आत मणी, बाहेर हवाबंद पिशवी. हवा काढली की गादी रुग्णाच्या अंगाच्या आकारात घट्ट.

ज्वारीची रास, मोहरीची उशी, थर्माकोलचे दाणे आणि एक वजनकाटा एवढ्या साहित्यावर तुम्ही या विषयातला पहिला छोटा प्रयोग करू शकता. कोणता दाणा किती दाबाला सरकायचा थांबतो? महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही.

साम्य म्हणजे नातं नव्हे

आता मघाच्या मुद्द्याकडे येऊ. मोहरीची उशी बीन बॅगच्या इतकी जवळची आहे, तर 'बीन बॅग मूळची आपलीच' असं म्हणायचं का?

नाही. आणि इथेच बरेच चांगले विषय बिघडतात.

दोन वस्तू सारख्या असण्याची तीन कारणं असू शकतात. एक, पहिलीवरून दुसरी आली. दोन, दोन्ही एखाद्या तिसऱ्या गोष्टीवरून आल्या. तीन, गरज सारखी, हाताशी असलेलं साहित्य सारखं, म्हणून उत्तरही सारखं निघालं आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. चेस्टनटच्या पानांची गादी आणि साक्को यांचं नातं पहिल्या प्रकारचं, कारण डिझाइनरांनी ते स्वतः सांगितलं आहे. मोहरीची उशी आणि साक्को यांचं साम्य तिसऱ्या प्रकारात धरावं लागतं, कारण एकीवरून दुसरीपर्यंत जाणारा धागा दाखवता येत नाही.

म्हणजे गंमत अशी, की रचनेत जी वस्तू जास्त जवळची ती इतिहासात लांबची, आणि रचनेत थोडी लांबची ती इतिहासात जवळची. या दोन जवळिकी वेगळ्या ठेवता आल्या तर तुम्हाला तुलनात्मक पद्धत समजली असं समजा. आणखी एक सावधगिरी : डिझाइनरने नंतर सांगितलेली आठवण हा पुरावा आहे, पण तोही तपासायचा पुरावा आहे. यशस्वी वस्तूची जन्मकथा सांगताना माणसं ती थोडी नीटनेटकी करतातच. म्हणून शक्य तिथे त्या काळातली रेखाचित्रं, पत्रव्यवहार, जाहिराती यांच्याशी ती ताडून बघायची.

काहींना वाटेल, नातं नसेल तर आपल्या उशीचा अभ्यास कशाला? उलट आहे. नातं नाही म्हणूनच तिचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. आपली वस्तू परदेशी वस्तूची आजी ठरली तरच तिला किंमत, हा हट्ट सोडा. गोधडी, बाज, लोड-तक्क्या, पानांनी किंवा चिंध्यांनी भरलेलं गोणपाट, या वस्तू कुणी केल्या, कशाने भरल्या, कुणी वापरल्या, केव्हा मागे पडल्या, हे प्रश्न त्यांच्या जागी पुरेसे मोठे आहेत.

कोण कशावर बसतं?

आता समाजशास्त्राकडे वळू. युरोपात साक्को हे बंड होतं, कारण तिथे खुर्ची ही रोजची गोष्ट होती. माणसाला खुर्चीवरून जमिनीजवळ आणणं हेच धाडस. त्याच सुमारास इटलीच्या टीव्हीवर पाओलो विल्लाज्जो या नटाने फ्राक्किया नावाचा घाबरट कारकून रंगवला. साहेबासमोर त्याला साक्कोवर बसायला सांगतात आणि तो बिचारा घसरत राहतो. साहेब नेहमीच्या खुर्चीवर. लोक हसले, पण त्या विनोदात एक निरीक्षण आहे : मोकळेपणाची खुर्ची सुद्धा ज्याला सत्ता नाही त्याला अडचणीची ठरू शकते.

आपल्याकडे गोष्ट उलटी. जमिनीवर बसणं हे साधं, रोजचं. पंगत, भजन, ग्रामसभा, सगळं खालीच. व्यापाऱ्याच्या पेढीवर पांढरी गादी आणि लोड. खुर्ची हा अधिकाराचा मान. ब्रिटिशांच्या काळात पंजाबकडे 'कुर्सीनशीन' असा दर्जाच होता, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यासमोर खुर्चीवर बसण्याची परवानगी असलेला माणूस. आजही 'खुर्ची' म्हटलं की मराठीत आधी पद आठवतं, फर्निचर नंतर.

मग अशा समाजात बीन बॅग आली तेव्हा तिचा अर्थ काय झाला? ज्याच्या आजोबांना सरकारी कचेरीत उभं राहावं लागलं, वडिलांनी कष्टाने प्लास्टिकची खुर्ची घरात आणली, त्या घरातल्या मुलाला ऑफिसात साहेब म्हणतात, 'बस रे बीन बॅगवर, इथे सगळे समान.' त्याला ते मोकळं वाटेल की फ्राक्कियासारखं घसरायला होईल? मी उत्तर देत नाही. हा क्षेत्रकामाचा प्रश्न आहे, मुलाखती घेऊनच उत्तर मिळेल. पण वस्तू एकच असली तरी ती ज्याच्याविरुद्ध उभी राहते ते बदललं की तिचा अर्थ बदलतो, एवढं नक्की.

ज्या गुणाने चालली, त्याच गुणाचा धोका

वस्तूचा इतिहास लिहिताना फक्त कौतुक लिहिलं तर ती जाहिरात होते. बीन बॅगचा मुख्य गुण म्हणजे ती अंगाला चिकटून आकार घेते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तोच गुण घातक ठरतो. पालथं पडलेलं बाळ मान वळवू शकत नाही, नाकातोंडाभोवती उशी आकार घेते आणि श्वास कोंडतो. अशा घटना घडल्या म्हणून थर्माकोलच्या दाण्यांनी भरलेल्या, तान्ह्या बाळांसाठीच्या उशांवर अमेरिकेत १९९२ मध्ये बंदी आली. मोठ्या बीन बॅगांचा धोका वेगळा : मुलं झिप उघडून आत शिरतात आणि दाणे नाकातोंडात जातात. २०१४ मध्ये दोन मुलांच्या मृत्यूनंतर अमेरिकेत एका कंपनीच्या सुमारे २२ लाख बीन बॅगा परत मागवल्या गेल्या. झिप लहान मुलांना उघडता येता कामा नये, असं तिथलं मानक सांगतं. घरी बीन बॅग असेल तर हा लेख वाचून झाल्यावर आधी तिची झिप बघा.

आणि मोहरीची उशी? तान्ह्या बाळाला सपाट, टणक अंथरुणावर उताणं झोपवावं आणि उशी देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे आपली परंपरा असली तरी तिला याच प्रश्नांतून जावं लागेल. संशोधकाला परंपरेचा आदर असावा, पण तिची वकिली करू नये.

दुसरा धोका कचऱ्याचा. थर्माकोलचा दाणा सतत दाबून चपटा होतो, फुगून परत येत नाही. म्हणून दोन-तीन वर्षांत बीन बॅग खाली बसते आणि नवे दाणे भरावे लागतात. जुन्यांचं काय? ते कुजत नाहीत. गोळा करून पाठवायचे तर ट्रकभर मालात वजन नगण्य, म्हणजे भाडं हवेचंच. ज्या हलकेपणाने खुर्ची यशस्वी केली, त्याच हलकेपणामुळे भंगारवाला ती घेत नाही. महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलची ताटं-वाट्या आणि सजावटीचं सामान यांवर बंदी आणली, ती चर्चा तुम्हाला आठवत असेल. पानांची गादी जुनी झाली की उकिरड्यावर जाऊन खत होत होती. पण ती लवकर चुरायची, ओल धरायची, हेही लिहायला हवं. दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला तरच तो हिशेब.

मग प्रश्न कसा लिहायचा?

'बीन बॅगचा इतिहास व विकास' हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. 'नंदुरबार जिल्ह्यातील पारंपरिक आसने : एक अभ्यास' हेही तसंच, सगळं मावेल अशी गोणी. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकेल. उदाहरणार्थ :

'नवापूर तालुक्यातल्या निवडक गावांत गेल्या पन्नास वर्षांत अंथरुणाचा आणि आसनाचा भराव पानं-चिंध्या-कापूस याकडून फोमकडे गेला का, आणि हा बदल घरातल्या कोणाच्या कामावर परिणाम करून गेला?'

बघा, इथे जागा ठरली, काळ ठरला, मोजायची गोष्ट ठरली. शेवटचा भाग महत्त्वाचा. गोधडी शिवणं, उशी उसवणं, कापूस वाळवणं हे काम बायका करत असतील तर भराव बदलला म्हणजे त्यांचा वेळ बदलला. पिंजाऱ्याचा व्यवसायही बदलला. एका उशीतून बाईचं श्रम आणि कारागिराची रोजीरोटी या दोन्ही गोष्टी निघतात.

साधनं कुठली? १८८० च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड आधी चाळा. त्यात वेगवेगळ्या समाजांच्या घरांची आणि सामानाची वर्णनं आहेत. पण ती अधिकाऱ्याच्या नजरेने आणि करवसुलीच्या गरजेतून लिहिली आहेत, हे विसरू नका. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले आणि नंदुरबार पश्चिम खानदेशात गेलं. पुढे तो भाग धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ ला नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे जुनी कागदपत्रं शोधताना 'नंदुरबार जिल्हा' असं शोधून काही हाती लागणार नाही, 'पश्चिम खानदेश' आणि 'धुळे' या नावांखाली शोधा. ही माहिती छोटी आहे, पण महिनाभराची पायपीट वाचवते.

त्यानंतर गावात जा. भिली, पावरी, मावची, अहिराणी बोलणाऱ्या घरांत एकाच वस्तूला वेगळी नावं असतील. ती ऐकू आली तशीच टिपा, लगेच मराठीत फिरवू नका. नावातच कधी कधी भरावाचा पत्ता असतो. वस्तू मोजा, तिचं वजन करा, फोटो काढा, पण परवानगी घेऊन. उशी उसवून आत काय आहे हे बघायचं असेल तर आधी विचारा आणि परत शिवून द्यायची तयारी ठेवा. आणि ज्यांनी माहिती दिली, त्यांची इच्छा असेल तर त्यांची नावं प्रबंधात ऋणनिर्देशाच्या पानावरच नाही, ज्ञान देणारे म्हणून मजकुरातही येऊ द्या.

कारण साक्कोच्या गोष्टीतली खरी उणीव तीच आहे. पानं भरणारा शेतकरी तिथे 'प्रेरणा' म्हणून एका ओळीत येतो आणि जातो. डिझाइनरांनी निदान ती ओळ लिहिली. तुमच्या प्रबंधात त्या ओळीचा एक परिच्छेद, जमलं तर एक प्रकरण व्हावं.

या आठवड्याचं काम : घरातली किंवा शेजारची भरावाची एक वस्तू निवडा. तिचं वजन, भराव, वय, ती कुणी बनवली आणि आता कोण वापरतं, या पाच गोष्टी एका पानावर लिहा. मग स्वतःला विचारा, यातली कोणती गोष्ट मला कुणाला तरी विचारल्याशिवाय कळली नसती? तुमचा संशोधनप्रश्न बहुधा तिथेच आहे.